हिरोच्या केकात बुडालेला कोयता

मी एक जुना कोयता हाय, मित्रांनो. म्होरं काय सांगायच्या आधीच बोलून ठिवतो, मी आजवर कुनाचं नरडं कापल्यालं न्हाई. हल्ली कोयता म्हनलं की लोकं दोन पावलं मागं सरत्यात. गल्लीबोळातली रिकामटेकडी पोरं आमाला मोबाईलम्होरं हवेत नाचवत्यात आन बदनामी आमची हुती. मी ऊस तोडलाय. दहा सीझन निस्ता ऊस तोडलाय. माझ्याइतकं काम त्या पोरांच्या आख्ख्या खानदानानं केलं नसंल.

पाथर्डीच्या बाजारात एका घिसाड्यानं मला घडिवला. लोखंड ट्रकच्या पाट्याचं. त्यो मला सांडशीत धरायचा आन त्याची बायको वरून घन घालायची. सहावा म्हैना हुता तिला, पर एक घाव वाकडा पडला न्हाई. लालबुंद झालो की मला पान्यात बुडवायचे. चर्रर्र! तवा वाटायचं, मेलो आता. त्याच पान्यानं धार धरायची ताकद दिली हे मागनं कळलं. मंग लंकाबाई आली. तिनं ईस कोयते उचलून खाली ठिवले, मला उचलला, अंगठ्याच्या नखावर धार घासून बघितली आन म्हनली, "ह्यो चालंल." बास, यवढंच कौतुक. पर तिच्या तोंडून तेवढं निघायला बी नशीब लागतं.

लंकाबाईचं गाव पाथर्डीच्या पल्याड, डोंगराच्या अंगाला. तिकडं जमिनीत दगड जास्ती आन माती कमी. दसरा झाला की आख्खं गाव ट्रॅक्टरात बसतं आन श्रीगोंद्याकडं ऊस तोडाया निघतं. ऊसतोडीत नवराबायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हनत्यात. मुकादम मानसं मोजत न्हाई, कोयते मोजतो. लंकाबाईचा नवरा छगन. मानूस सोन्यासारखा, पर लई भित्रा. कुनी जरा मोठ्यानं बोललं की त्याचे हात आपसूक जोडले जात्यात.

ऊस तोडनं म्हंजी काय हे ज्याला म्हाईत न्हाई त्यानं ऐका. कंबरेतून पार खाली वाकायचं, ऊस डाव्या हातात धरायचा आन जमिनीला घासून तोडायचा. खरी साखर बुडक्यात असती. वर थोटूक ठिवलं तर कारखाना बी बोंबलतो आन शेतकरी बी. मंग वरचं हिरवं वाढं छाटायचं, वाळक्या पानांचं पाचट काढायचं, मोळी बांधायची आन ती डोक्यावर घिऊन फळीवरनं ट्रॉलीत चढायचं. पाचट अंगाला ब्लेडवानी कापतं, म्हनून बाया लुगड्यावर गड्याचा फुल बाह्यांचा शर्ट घालत्यात. आन पहिल्या दिशी पहिली मोळी बांधली की समदे कोयते तिच्यावर ठिवत्यात, हळदकुंकू लावत्यात, नारळ फोडत्यात. वर्साचा आमचा सन त्यो यवढाच.

तर ह्या सीझनला आमची टोळी काकासाहेबांच्या बारा एकरात उतरली. काकासाहेब म्हंजी पांढरी कापडं, पांढरी गाडी आन पांढरी मिशी. आमी दोन दिस तोडलं न्हाई तोवर ते हातात मोबाईल नाचवत बांधावर आले.

"थांबा रे! चार एकर तसाच राहू द्या. पिक्चरवाले यायलेत. ऊसतोड कामगारावर पिक्चर हाय. अनीश सर सोता येनार!"

अनीश सर म्हंजी त्यो हिरो. पोरं त्याच्यावानी केसं कापत्यात, रिक्षाच्या पाठीमागं त्याचा फोटू असतो. काकासाहेबांनी सांजच्याला फाट्यावर बोर्ड लावला, त्याच्यावर हिरोचा फोटू आन शेजारी काकासाहेबांचा सोताचा, त्याच्यापरीस मोठा.

छगन लई खूश झाला. "आपल्यावर पिक्चर निघतोय, लंके. जग बघंल आपले हाल."

लंकाबाई माझी धार काढत बसल्याली. तिनं मान बी वर केली न्हाई. "हाल बघून कुनी मोळी उचलू लागनार हाय का?"

पिक्चरवाले आले. शेतात गाड्याच गाड्या. टोळीतल्या चार जोड्या त्यांनी मागच्या बाजूला ऊस तोडत दाखवायला ठिवल्या, त्यात छगन-लंकाबाई. समद्यांना सात वाजता बोलिवलं. सात वाजता डायरेक्टर हजर, क्यामेरावाले हजर, शेतातल्या चिमन्या सुदिक हजर. हिरो साडेबाराला आला. पोस्टरवर सहा फूट दिसतो, गाडीतनं उतरला तर काकासाहेबांच्या खांद्याला लागला.

त्याच्या आधी एक पोरगी पळत आली. भार्गवी तिचं नाव, डायरेक्टरच्या हाताखाली काम करायची. घामानं भिजल्याली, गळ्यात वॉकीटॉकी. म्हनली, "सर येतायत. सगळ्यांनी प्लीज उसाकडे तोंड करून उभं राहा. सरांकडे कुणी बघायचं नाही. त्यांना डिस्टर्ब होतं."

लंकाबाई म्हनली, "का गं बाई? नवी नवरी हाय का त्यो लाजाया?"

बाया फिसकन हासल्या. भार्गवीला बी हसू आलं, पर तिनं गिळलं. मंग दीडशे मानसं उसाकडं तोंड करून हुबी राहिली आन जग ज्याला बघायला तिकीट काढतं त्यो बाबा त्यांच्या पाठीमागनं गेला. मित्रांनो, मला तोंड न्हाई आन पाठ बी न्हाई, म्हनून मी एकटाच त्याला निवांत बघत हुतो. खरं सांगतो, बघन्यासारखं काय नव्हतं.

त्याच्या गाडीला व्हॅनिटी म्हनत्यात. आत थंड हवा, पलंग, आरसा. त्या गाडीच्या दाराम्होरं त्यो रोज पाय धुवायचा, बाटलीबंद पान्यानं. सहा बाटल्या एका पायाला. आमच्या कोप्यांवर, म्हंजी पाचटाच्या झोपड्यांवर, टँकर चार दिसातनं एकदा यायचा. एकदा जेवनाच्या पनीरावर तेल जरा जास्ती तरंगत हुतं, तर त्यानं आख्खं ताट भार्गवीच्या अंगावर फेकलं. पोरीच्या केसातनं रस्सा गळत हुता आन ती म्हनत हुती, "सॉरी सर." सॉरी कुनी म्हनायचं हे त्या लोकांत उलटं असतं वाटतं.

हिरवीन मनवा मॅडम. ती एवढी वराडत नव्हती, पर तिची तऱ्हा निराळी. पाचट टोचतं म्हनून तिनं रडून गोंधळ घातला. मंग काय, दहा मानसं लावून उसाच्या चार सऱ्यांचं पाचट पान न् पान सोलून काढलं. उभा ऊस, अंगावर एक पान न्हाई, सोलल्याल्या कोंबडीवानी. त्यात मॅडम कोयता चालवनार. रानात असला ऊस कुनी बघितलाय का? मंग तिला मातीला हात लावायचा नव्हता, म्हनून लंकाबाईला बोलिवलं. हात लंकाबाईचे, भेगा लंकाबाईच्या, मूठ माझी, आन तोंड मॅडमचं. क्यामेरा जवळ आला की लंकाबाई म्होरं, क्यामेरा लांब गेला की मॅडम म्होरं. त्याच दुपारी एक मुलाखतवाली आली तर मॅडम तिला सांगती, "मी तीन महिने ऊसतोड शिकले. माझे हात बघा, अजून दुखतायत." लंकाबाई पलीकडंच बसल्याली. तिनं आपले हात पालथे करून बघितले, जनू कुनी चोरून नेले का काय.

पर हिरोची खरी गंमत वाकायची. त्याला प्लायवूडचा रंगिवल्याला कोयता दिल्ता. मानसं आधीच ऊस कंबरंएवढ्या उंचीवर चिरून ठिवायची आन त्यो ताठ हुबा राहून तिथं हानायचा. खाली तीन फूट थोटूक! डायरेक्टर हळूच म्हनला, "सर, थोडं वाकून..."

"माझी बॉडी लँग्वेज मला शिकवू नकोस. हिरो वाकत नाही."

काकासाहेब बांधावर हुते. चार एकरातली थोटकं बघून त्यांच्या मिशीला घाम फुटला. पर हिरोबरोबर फोटू काढायचा हुता ना! तोंडातनं चकार शब्द न्हाई. तेच आमच्या टोळीतल्या कुनी दोन बोटं थोटूक ठिवलं असतं तर त्याच्या आईबापाचा उद्धार झाला असता. शेवटी क्यामेरावाल्यानंच सांगितलं, हे बघून गावाकडं थेटरात लोकं टर उडवत शिट्ट्या वाजवतील. मंग छगनला हिरोचा शर्ट घातला आन पाठीमागनं त्याचं वाकनं काढलं. हिरो वाकत न्हाई, त्याच्या वाटचं छगन वाकतो. असा त्यो पिक्चर.

हे समदं मी सोसलं आसतं. लंकाबाईनं बी सोसलं आसतं. पंधरा दिसांचा खेळ, मंग आपला ऊस हायेच. पर दहाव्या दिशी हिरोचा वाढदिवस निघाला.

भर दुपारी जेवायची सुट्टी हुती. पुन्यावरनं गार गाडीत केक आल्ता, तीन मजली, त्याच्यावर हिरोचाच फोटू. गानी लावली. काकासाहेबांनी जेसीबीतनं फुलं उधळली. मनवा मॅडमनं टाळ्या वाजवल्या. हिरोचा मॅनेजर सुहास, गुळगुळीत दाढीचा, गोड बोलनारा, त्यानं प्लास्टिकची सुरी म्होरं केली.

हिरोनं ती फेकून दिली. "सुरी? मी काय शाळेतला पोरगा आहे? कोयता आणा!"

प्लायवूडचा आनला. त्याच्यानं केकाचा वरला फोटू निस्ता चेपला, हिरोचं नाक बसलं. त्यो अजूनच तापला. "खरा आणा, खरा!"

मी तवा एका मोळीत खोचल्याला हुतो. आमच्या टोळीला सुट्टी कसली, लंकाबाई ट्रॉलीच्या फळीवर, डोक्यावर मोळी. हिरो आला आन त्यानं मला उपसला. इच्यारलं न्हाई, बघितलं न्हाई. माझ्या पात्याला माती हुती. शेजारी छगन हुबा. हिरोनं मला छगनच्या खांद्याला पुसला, ह्या बाजूनं एकदा, त्या बाजूनं एकदा. जनू छगन खुंटीवरचं फडकं हाय.

मंग मला केकात घातला. मित्रांनो, दहा वर्सांत माझ्या अंगाला चिखल लागला, रस लागला, एकदा लंकाबाईचं रगात बी लागलं. पर त्या बुळबुळीत क्रीमएवढी किळस मला कशाची आली न्हाई. गुडघ्यापातुर कुनी गटारात उतरावं तसं वाटलं. समदे वराडले, शिट्ट्या मारल्या. समद्यांचे मोबाईल वर. भार्गवीचा बी, तिचं कामच हुतं ते.

तेवढ्यावर भागलं आसतं तर बरं. हिरोला मोबाईल दिसला की चेव चढायचा. त्यानं छगनची कॉलर धरून त्याला म्होरं वढला, मला तसाच क्रीमसकट त्याच्या मानंवर ठिवला आन पिक्चरातलं वाक्य म्हनला, "या रानात एकच वाघ!"

छगननं हात जोडले. त्यो हासत हुता. दुसरं काय करनार? समदे हासत हुते. माझ्या धारंखाली त्याचा कंठ वर गेला, खाली आला. त्याची धडधड माझ्या लोखंडात उतरली. लंकाबाईनं दोन रोज आधीच मला कानस मारल्याली. केसाएवढं सरकलो आसतो तर... मी लोखंड हाय मित्रांनो, मला हलता येत न्हाई. पर जिंदगीत पहिल्यांदा मला वाटलं, आपन बोथट आसतो तर बरं झालं आसतं.

फळीवरनं धाडदिशी मोळी खाली पडली. लंकाबाई वरडत पळत आली, "आरं ये! सोड त्याला! ये मुडद्या!" गान्यापुढं कुनाला आयकू गेलं न्हाई. तवर हिरोचं झालं हुतं. त्यानं मला मातीत फेकला आन क्रीमची बोटं चाटत गाडीत गेला.

लंकाबाईनं मला उचलला, लुगड्यानं पुसला. मंग छगनची हनुवटी वर करून बघितली. मानंवर बारीक लाल रेघ उठल्याली. तिनं कोपीतनं हळद आनून तिथं लावली. छगनच बोलला, "चेष्टा केली गं त्यांनी. मोठी मानसं."

"हां," ती म्हनली.

सकाळी उठलो तर त्यो व्हिडिओ जगभर. केक कापला, छगनच्या मानंवर मी, वाघाचं वाक्य. आधीच कोयत्यानं केक कापनाऱ्या कितीतरी पोरांवर गुन्हे दाखल झालते. आता लोकं इच्यारायली, गरिबाच्या पोराला आत टाकता, मंग ह्याला काय आरती वोवाळता? पोलीस चौकशीला येनार अशी बातमी आली.

तवा मॅनेजर सुहास आमच्या कोपीवर आला. अकरा दिसांत पहिल्यांदा. हातात कालच्या उरल्याल्या केकाचा डबा. संगं भार्गवी, मोबाईल घिऊन.

"कसे आहात छगनदादा? एक छोटा व्हिडिओ करायचाय. फक्त एवढंच सांगायचं, की आमच्या ऊसतोड कामगारांत वाढदिवसाला कोयत्याने केक कापायची जुनी प्रथा आहे. आम्हीच सरांना आग्रह केला. सरांनी आमच्या भावनांचा मान राखला."

छगन हात जोडून बसला. लंकाबाईनं इच्यारलं, "कुनाच्यात परथा हाय?"

"तुमच्यात."

"आमच्यात वाढदिवस कुनाला म्हाईत हाय? माझ्या आधार कार्डावर एक जून हाय. ह्यांच्या बी एक जून. आख्ख्या टोळीचा एक जून हाय. एका दिशी समद्यांचा केक कापायचा म्हनलं तर हार्वेस्टर लावावा लागंल!"

भार्गवीनं तोंड फिरवलं, तिचे खांदे हालत हुते. सुहास हासला न्हाई. त्यानं आवाज बारीक केला. "हे बघा, वहिनी. कोयता सेटवर कुणी आणला? छगनने. कोयता कुणाचा? छगनचा. सर तर कलाकार, त्यांच्याकडे प्लायवूडचा होता. उद्या गुन्हा दाखल झाला तर सरांना वकील आहेत. छगनला कोण आहे? विचार करा. प्रथा सांगितली की सगळेच सुटले."

छगनचा चेहरा चुन्यावानी पांढरा पडला. "मी सांगतो साहेब. समदं सांगतो तुमी म्हनाल तसं."

त्यानं सांगितलं बी. पर त्याच्या तोंडातनं ते वाक्य निघंना. 'परथा' म्हनायच्या जाग्याला त्याला ठसका लागायचा. नऊ येळा घेतलं. हिरोला एक शॉट तिसऱ्यांदा घेऊ म्हनलं की त्यो व्हॅनिटीत जाऊन बसायचा, आन छगन नऊ येळा! शेवटी कसंबसं निघालं. सुहास म्हनला, "ओके. पोलिसांपुढं पण हेच." आन गेला. केकाचा डबा तसाच पडला. मुंग्यांनी सुदिक उशिरानं तोंड लावलं.

लंकाबाई त्या दिशी छगनला यवढंच म्हनली, "तुमच्या मानंची रेघ अजून गेली न्हाई."

"लंके, मला आत टाकतील गं."

ती मला घिऊन उसात गेली आन जमिनीला घासून सपासप तोडत राहिली. मी तिच्या हाताला ओळखतो. त्या दिशी त्यो धार काढायला बी थांबला न्हाई. खरं बोलली तर नवरा जाईल, खोटं बोलली तर नवऱ्याच्या मानंवर कोयता ठिवनं हीच आपल्या लोकांची रीत म्हनून जग धरून बसंल. असल्या चिमट्यात तिला घालून ते लोकं व्हॅनिटीत सरबत पीत हुते.

सांज व्हायच्या आत हवालदार मच्छिंद्र मोटारसायकलीवर आले. जाड भिंगाचा चष्मा, काखेत फाईल. लिंबाखाली प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या. हिरो सोता बाहीर आला, साधा पांढरा सदरा घालून, कपाळाला टिळा लावून. आज कुनी उसाकडं तोंड करायचं नव्हतं! लंकाबाई दिसली तर म्हनतो, "या मावशी, बसा." इतके दिस 'ए बाई' हुती, आज मावशी झाली.

हवालदार मच्छिंद्रनी बी आधी इकडंतिकडं बघून मोबाईल काढला. "घरच्यांनी सांगितलंय सर, एक फोटो." हिरोनं त्यांच्या खांद्यावर हात टाकला. फोटू झाला. सुहासच्या तोंडावर हासू पसरलं आन छगनचा जीव भांड्यात पडला. मी लंकाबाईच्या हातात हुतो. तिची मूठ मातर आवळली.

"हं," मच्छिंद्र लिवायला बसले. "वस्तू हीच ना? कोयता कुनाचा?"

"छगनचा," सुहास म्हनला.

"व्हय साहेब, माझा," छगन म्हनला. हात जोडल्याले. "आमच्यात... आमच्यात परथा..." आन त्याला ठसका लागला.

"न्हाई," लंकाबाई म्हनली. "कोयता माझा हाय."

छगन म्हनला, "लंके, गप बस. तुला नेतील."

"नेऊ द्या. साहेब, लिवा. कोयता लंकाबाईचा. पाथर्डीच्या बाजारातनं मी निवडल्याला, मी धार काढल्याला. ह्यांचा त्यो तिकडं कोपीत हाय. आमच्यात सीझनच्या पहिल्या दिशी कोयत्याला हळद लावत्यात. केक लावीत न्हाईत. ह्या बाबानं मला न इच्यारता माझा कोयता घेतला, माझ्या नवऱ्याच्या अंगाला पुसला आन माझ्या नवऱ्याच्या मानंवर ठिवला. वस्तू माझी हाय, तवा ती कुनाच्या मानंवर गेली ते सांगायचा हक्क बी माझाच. हत्यार बाळगलं म्हनून मला आत टाकायचं तर टाका. मंग आख्खी टोळी टाका, घरटी दोन हायेत."

"ए बाई!" हिरोची मावशी लगेच संपली. "तुला माहितेय का मी कोण आहे?"

"म्हाईत हाय की. तीन फूट थोटूक ठिवनारा."

बांधावरनं कुनीतरी खो खो हासलं. काकासाहेब हुते. त्यांनी लगेच मिशीवर हात ठिवला, पर हासू निघून गेल्तं. ते चार एकर पोटात सलत हुते ना!

सुहास उठला. "साहेब, ही बाई खोटं बोलतेय. आमच्याकडे तिच्या नवऱ्याचा व्हिडिओ आहे."

"माझ्याकडे पण आहे," भार्गवी म्हनली. लई बारीक आवाज, नजर पायाकडं. "कालचा. पहिल्यापासूनचा. सर कोयता मागतात तिथपासून. बाई खरं बोलतायत." आन तिनं मोबाईल मच्छिंद्रच्या फाईलीवर ठिवला. त्याच सांजंला ती ष्टॅंडवर यष्टीची वाट बघत बसल्याली लोकांनी बघितली. काम गेलं तिचं.

हवालदार मच्छिंद्रनी व्हिडिओ बघितला. दोनदा बघितला. मंग छगनला जवळ बोलिवलं आन त्याची हनुवटी वर केली, लंकाबाईनं केल्ती तशीच. चष्मा पुसला. हिरोकडं बघितलं तवा त्यांच्या तोंडावरचा मघाचा फोटू पुसून गेल्ता. "सर, बसा खाली. तुमचा जबाब घ्यायचाय. आन आता उसाकडं न्हाई, माझ्याकडं बघून बोला."

म्होरचं सांगन्यासारखं लई न्हाई. हिरोवर गुन्हा लागला, जामीन झाला, त्यानं हात जोडून व्हिडिओ टाकला, भावना दुखावल्या असतील तर म्हने. 'असतील तर'! शूटिंग उठून दुसऱ्या जिल्ह्यात गेलं. छगनला कुनी हात लावला न्हाई, लंकाबाईला बी न्हाई. पिक्चर येनार हाय. जाहिरातीत छगनची पाठ हाय आन लंकाबाईचे हात हायेत, खाली नावं दुसऱ्यांची.

मला मातर जावं लागलं. पुरावा म्हनून. मच्छिंद्रनी लिंबाखालीच पुठ्ठ्याची चिठ्ठी लिवली आन माझ्या मुठीला सुतळीनं बांधली. लंकाबाई म्हनली, "वाचून दावा." त्यांनी वाचलं, "लोखंडी कोयता एक, जुना, लाकडी मूठ. मालक: लंकाबाई छगन बडे."

"परत वाचा," ती म्हनली. रेशन कार्डावर छगन, घरपट्टीवर छगन, मुकादमाच्या यादीत छगन. त्यांनी परत वाचलं.

आता मी ठान्यातल्या मुद्देमालाच्या खोलीत असतो. शेजारी दारूचे डबे, मोडक्या मोटारसायकली आन आनखी चार कोयते, समदे केक कापनारे. त्यांना त्याचं लई कौतुक. एकाला बी ऊस म्हाईत न्हाई. त्यांच्यासंगं मी बोलत न्हाई. माझ्यावर गंज चढतोय, धार गेली. कोर्टाची तारीख म्होरं म्होरं जाती.

सीझन संपल्यावर गावाकडं जायच्या आधी लंकाबाई ठान्यात आली. छगन संगं. हवालदार मच्छिंद्रनी खोली उघडली. म्हनले, "कोर्टानं सोडला की घिऊन जा, बाई. अजून देता येत न्हाई."

ती दारातच थांबली. माझ्याकडं बघितलं, चिठ्ठीकडं बघितलं. मंग इच्यारलं, "साहेब, हात लावू का?"

मित्रांनो, ती मालकीन हुती. तरी तिनं इच्यारलं. मी तुमच्यापाशी दुसरं काय मागत न्हाई. मला तेल लावा म्हनत न्हाई, माझी पूजा करा म्हनत न्हाई. निस्तं कुनाची बी वस्तू उचलायच्या आधी, कुनाच्या बी खांद्याला हात लावायच्या आधी, तेवढं एक वाक्य बोलायला शिका. पडद्यावरच्या वाघाला अजून येत न्हाई ते.